गृहीतक कुठे लपतं: बी.एड.ला नव्याने आलेल्यांसाठी

कृतिसंशोधनाचा, म्हणजे आपल्याच वर्गातल्या अडचणीवर शिक्षकाने करायच्या छोट्या संशोधनाचा, माझा आराखडा वाचता वाचता माझ्या मार्गदर्शक बाईंनी एका ओळीवर पेन टेकवलं आणि विचारलं, "हे तुला कुणी सांगितलं गं?"

पेनाखाली माझं गृहीतक होतं. 'सातवीच्या विद्यार्थ्यांना भरती-ओहोटी या घटकाचे पुरेसे ज्ञान नाही.'

"शिकवण्याआधी पूर्वचाचणी घेतली ना बाई. दहापैकी तीन-चारच्या वर कुणी गेलं नाही."

"गुण कमी पडले, हे तू पाहिलंस. ज्ञान नाही, हे तू ठरवलंस. या दोन्हींच्या मधे काय आहे ते लिहून आण."

त्या 'मधे काय आहे'पायी माझे तीन आठवडे गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून लिहितेय.

आधी सोप्या शब्दांचं उरकते. ब्लूमची शैक्षणिक उद्दिष्टांची वर्गवारी १९५६ची, तिची सुधारित मांडणी २००१ची. स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन, नवनिर्मिती हा क्रम टीईटीला, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेलाही लागतो, तेव्हा तो पाठ करून मोकळे व्हा. शिकवणं चालू असतानाचं ते आकारिक मूल्यमापन आणि सत्राच्या शेवटीचं ते संकलित, हे सराव पाठांच्या पहिल्याच आठवड्यात अंगवळणी पडतं. या शब्दांनी कुणाचं अडत नाही.

अडवतात ते निरीक्षण, अनुमान, गृहीतक आणि परिकल्पना. त्यातही गृहीतक. जुन्या मराठी पुस्तकांत परिकल्पनेलाच 'गृहीतकृत्य' म्हटलेलं आढळतं. नवीन माणूस एका पुस्तकात गृहीतकृत्य वाचतो, दुसऱ्यात गृहीतक, आणि दोन्ही एकच समजून चालतो. मीही तेच केलं होतं. खरं तर हे दोन शब्द एकमेकांच्या उलट टोकाला उभे आहेत. परिकल्पना आपण मुद्दाम पुढे मांडतो, तपासायला, आणि ती खोटी ठरण्याची तयारी ठेवून. 'अमुक उपक्रम घेतला तर तमुक फरक पडेल' असं तिचं रूप असतं. गृहीतक आपण मांडतच नाही. ते वाक्याच्या खाली आधीच बसलेलं असतं आणि त्याच्यावर बाकीचं सगळं उभं असतं. म्हणूनच आराखड्यात 'गृहीतके' असा मथळा दिसला की आपण सुचेल ते लिहितो आणि खरं गृहीतक लिहायचं राहून जातं.

ते शोधायची एक रीत मला सापडली, ती सांगते. जे पाहिलं, म्हणजे निरीक्षण, ते एका ओळीत लिहा. जे ठरवलं, म्हणजे अनुमान, ते खालच्या ओळीत. दोन्हींच्या मधे 'म्हणून' लिहा. मग विचारा, कोणती गोष्ट खरी असेल तरच हे 'म्हणून' टिकेल? ती गोष्ट म्हणजे गृहीतक. माझ्या बाबतीत: मुलांना गुण कमी पडले, म्हणून मुलांना भरती-ओहोटीचं ज्ञान नाही. हे टिकायला काय खरं असावं लागेल? ज्याला पेपरात लिहिता येत नाही त्याला ते माहीतच नसतं, हे.

असं उघडं लिहिल्यावर त्यातलं चुकीचं लगेच दिसतं. पण तोवर ते मला एकदाही दिसलं नव्हतं.

आमची आंतरवासिता, म्हणजे शाळेत राहून शिकवायचा काळ, दापोली तालुक्यात, बंदरालगतच्या शाळेत होती. तिथून मुरुड जवळ, धोंडो केशव कर्व्यांचं. १८७५ साली ते परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला पायी गेले, शंभराहून अधिक मैल. तिथे त्यांना बसू दिलं नाही, कारण वयाची अट होती सतराची आणि ते तेवढे दिसत नव्हते. आता वरची रीत लावून बघा. अंगलट लहान, हे पाहिलेलं. वय कमी, हे ठरवलेलं. मधे बसलंय ते असं, की अंगाने लहान तो वयानेही लहान. हे उदाहरण मी दरवर्षी नव्या मुलामुलींना देते, कारण इथल्या प्रत्येकाला मुरुड ठाऊक असतं आणि त्या पायपिटीचं वाईट वाटतं. वाईट वाटलेलं उदाहरण विसरत नाही.

माझ्या वर्गात एक मुलगी होती, पूर्वचाचणीत दहापैकी दोन गुणांची. 'उधाणाची भरती म्हणजे काय?' या प्रश्नाखाली तिने जागा कोरी सोडली होती. बाईंनी परत पाठवल्यावर दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी तिला सहज विचारलं, आज पाणी कधी भरेल गं? तिने बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवला. "आज पंचमी, बाई. पावणेचारला."

कसं काढलंस, तर म्हणाली, तिथीची पाऊणपट करायची. चार तिथींचे तीन तास, उरलेल्या एकीचा पाऊण. पुढे आपणहून सांगितलं की उधाणाला पाणी त्यांच्या गडग्याला लागतं, भांगाला खालीच राहतं. उधाण कधी, तर अवसेला आणि पुनवेला. भांग अष्टमीला. कोऱ्या सोडलेल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर ती मला डबा खाता खाता देत होती.

आता इथे दुसऱ्या बाजूला घसरू नका. मुलांना सगळं येतंच, पुस्तकच वाईट, असं मी पुढचा आठवडाभर म्हणत होते आणि तेही चूकच होतं. उधाण अवसेलाच का, हे तिला सांगता येत नव्हतं. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत आले की दोघांची ओढ एकत्र होते, हे तिला शिकवायला हवंच होतं. तिच्याकडे घटना होती, हिशोब होता, कारण नव्हतं. माझ्या चाचणीने हे तिन्ही एकत्र मोजून एकच आकडा दिला. वैधता आणि विश्वसनीयता यांतला फरकही मला तेव्हाच कळला. तीच चाचणी पुन्हा घेतली असती तरी तिला दोनच गुण पडले असते, म्हणजे चाचणी विश्वसनीय होती. पण मी जे मोजलं म्हणत होते ते ती मोजत नव्हती, म्हणून वैध नव्हती.

आता स्पष्ट सांगते. कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार कृतिसंशोधनं मिळतात, नाव आणि शाळा बदलून. घेऊ नका. पकडले जाल, हे माझं कारण नाही. त्यांतली गृहीतकं दुसऱ्याच कुणाच्या वर्गाची असतात, आणि ती एकदा लिहिली की तुमच्या समोरचा वर्ग तुम्हाला दिसेनासा होतो. माझी ती ओळ तशाच एका जुन्या प्रतीवरून आली होती.

मार्गदर्शक निवडायची संधी मिळालीच, तर पटकन सही देणाऱ्यांकडे जाऊ नका. 'कुणी सांगितलं?' असं विचारणाऱ्यांकडे जा. सुरुवातीला फार लागतं. मी त्या दिवशी एसटी स्टँडवर बसून रडले होते. पण बाईंनी माझ्यावर एकही शेरा मारला नव्हता, फक्त वाक्याबद्दल विचारलं होतं. हे वेगळं करता आलं की भीती निम्मी होते, आणि ते सगळ्यांनाच जमतं, थोडा वेळ लागतो इतकंच.

आपल्याकडे 'चिकित्सा' शब्दाचीही अडचण आहे. घरात 'फार चिकित्सा करू नको' म्हणजे गप्प बस. त्यामुळे चिकित्सक विचार म्हणजे उलट बोलणं, असं मनात बसतं. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूईने १९१० साली चिंतनशील विचाराबद्दल जे लिहिलं ते मला जास्त उपयोगी पडलं. एखादी समजूत कशाच्या आधारावर उभी आहे आणि तिच्यातून पुढे काय निघतं, हे चिकाटीने बघत राहणं, असा त्याचा आशय. यात उलट बोलणं कुठेच नाही. 'टीका' शब्दाचंही तसंच, तो नुसता दोष काढण्यापुरता नाही: अर्थ उलगडून सांगणाऱ्या, गीतेवरच्या ज्ञानेश्वरीला आपण टीकाच म्हणतो की.

मी आराखडा नव्याने लिहिला. गृहीतक: 'विद्यार्थ्यांना भरती-ओहोटीचा अनुभव आहे.' हे मी आता पाहिलेलं होतं. परिकल्पना: 'तिथीच्या हिशोबापासून सुरुवात करून कारणमीमांसा शिकवल्यास उत्तरचाचणीतील संपादणूक वाढेल.' बाईंनी सही केली, काही न बोलता.

पाठाच्या तिसऱ्या दिवशी फळ्यावर मी लिहिलं की भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. त्या मुलीने हात वर केला. "पाऊण तास म्हणजे ४५ ना, बाई? मग वरची ५ मिनिटं कुठे गेली?" मला उत्तर येत नव्हतं आणि तसं मी वर्गाला सांगितलं. एक मुलगा म्हणाला, आजोबा लोकांचा हा पाऊणपटीचा हिशोब चुकीचा असेल. दुसरा म्हणाला, पुस्तकच चुकलं असेल. ती म्हणाली, एक पंधरवडा लिहून बघूया. तिने वहीचं पान उभं दुमडलं, डावीकडे लिहिलं 'हिशोबाने', उजवीकडे 'धक्क्यावर बघून', आणि पहिल्या ओळीत त्या दिवशीची तिथी घातली.