स्फिंक्सचं डॉक्युमेंटेशन मार्कडाउनमध्ये नेताना लिंक कशा वाचवाव्यात

स्फिंक्स म्हणजे डॉक्युमेंटेशनची साइट बनवणारा प्रोग्राम, आणि रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट ही त्यातला मजकूर लिहायची पद्धत. तिच्यातून मार्कडाउन या दुसऱ्या, सोप्या पद्धतीत जायचं तर हत्यार एकच, फाइलींचा फॉरमॅट बदलणारा पॅनडॉक. जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ मध्ये आणलेला हा प्रोग्राम आजही या कामात सगळ्यात भरवशाचा आहे. पण ‘एक कमांड मारा, झालं’ असा सल्ला कुणी दिला, तर त्याने पाचपंचवीस फाइलींच्या वर काही बदललेलं नाही, असं खुशाल समजा.

आधी सोपं उरकू. रीस्ट्रक्चर्डटेक्स्टच्या सगळ्या फाइली शोधून एकेक पॅनडॉकला देणारा लूप लिहा आणि आउटपुट वेगळ्या फोल्डरमध्ये काढा. ‘रॅप’ पर्याय ‘नन’ ठेवा, नाहीतर पॅनडॉक प्रत्येक ओळ ७२ अक्षरांच्या आसपास मोडतो आणि पुढे एक शब्द बदलला तरी डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या फाइलीतले फरक दाखवणाऱ्या यादीत, अख्खा परिच्छेद लाल-हिरवा दिसतो. स्क्रिप्टच्या माथ्यावर ‘सेट -ई’ हवंच. एक फाइल फसली की सगळं थांबलं पाहिजे.

आता खरी डोकेदुखी, म्हणजे स्फिंक्सचे रोल. मजकुराच्या तुकड्याला लिंक वगैरे खास अर्थ देणाऱ्या या खुणा. मूळ फाइलीत कोलन, ‘रेफ’, कोलन आणि पुढे बॅकटिकमध्ये ‘बॅकअप घेणे <बॅकअप-कसा>’ अशी लिंक असते. यातलं ‘बॅकअप-कसा’ हे लेबल, म्हणजे लिंक जिथे जायची त्या जागेला दिलेलं नाव. ‘रेफ’ हा रोल स्फिंक्सचा. पॅनडॉकला त्याचा अर्थ ठाऊक नाही, म्हणून तो हा मजकूर कोड समजून ठेवतो आणि रोलचं नाव त्याला ॲट्रिब्यूट, म्हणजे जादा माहिती, म्हणून चिकटवतो. गिटहबच्या मार्कडाउनमध्ये ॲट्रिब्यूट लिहायची सोय नसल्यामुळे फाइल लिहिताना ते गळून पडतं. हाती उरतो नुसता बॅकटिकमधला मजकूर. एरर नाही, काही नाही. पान दिसायला ठीक, फक्त लिंक मेलेली.

यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, तयार मार्कडाउनवर सेड या कमांडने शोधा-बदला चालवा. हे अजिबात करू नका. त्या टप्प्यावर खरा कोड आणि मेलेली लिंक यांच्यात फरकच उरलेला नसतो. सेड तो कुठून ओळखणार? दुरुस्ती पॅनडॉकच्या पोटातच व्हायला हवी, म्हणजे लुआ फिल्टरने. रूपांतर चालू असताना पॅनडॉक चालवतो ती लुआ भाषेतली छोटी स्क्रिप्ट म्हणजे हा फिल्टर. फिल्टर चालतो तेव्हा ॲट्रिब्यूट शाबूत असतं. प्रत्येक कोड घटक तपासायचा, रोल ‘रेफ’ असेल तर त्याची लिंक करायची.

मग प्रश्न येतो की ते लेबल कुठल्या फाइलीत आहे. ते शोधायला मूळ फाइलींवर रेगेक्स, म्हणजे मजकूर शोधायचे नमुने, चालवत बसू नका. स्फिंक्सने ते काम आधीच केलेलं असतं. साधा एचटीएमएल बिल्ड काढला की आउटपुटमध्ये ‘ऑब्जेक्ट्स डॉट आयएनव्ही’ नावाची फाइल मिळते. ती कॉम्प्रेस केलेली असते, पण स्फिंक्सचंच इंटरस्फिंक्स मॉड्यूल पायथनमधून चालवून तिचं नाव दिलं, की लेबल, शीर्षक आणि पत्ता अशी यादी टर्मिनलवर येते. तिचं टेबल करून फिल्टरला द्या. अख्ख्या पानाकडे लिंक देणाऱ्या ‘डॉक’ रोलसाठी लागणारी पानांची शीर्षकंही त्याच यादीत असतात. ‘जेनइंडेक्स’, ‘सर्च’ ही स्फिंक्सची स्वतःची लेबलं मात्र वगळा.

इथे तीन खाचा आहेत. पहिली, यादीत लेबलं लोअरकेसमध्ये असतात, मूळ मजकुरात कुणी कॅपिटल वापरलेलं असतं. तुलनेआधी दोन्ही लोअरकेस करा. दुसरी, रोलमध्ये नुसतंच लेबल असेल तर दिसणारा मजकूर टेबलातल्या शीर्षकावरून घ्यायचा. तिसरी खाच सगळ्यात जास्त छळते. यादीतला पत्ता मूळ फोल्डरपासूनचा असतो, मार्कडाउनला मात्र चालू फाइलीपासूनचा हवा. वरच्या फोल्डरातल्या चार फाइली उघडून पाहिल्या तर सगळं छान चालतं, सबफोल्डरमध्ये शिरलात की एकही लिंक लागत नाही. पॅनडॉकच्या पाथ मॉड्यूलमध्ये सापेक्ष पाथ काढणारं फंक्शन आहे, तेच वापरा. डॉट-डॉट-स्लॅश मोजत बसायचं नाही.

हेडिंगवरून आपोआप तयार होणाऱ्या अँकरवर, म्हणजे पानातल्या नेमक्या जागेच्या पत्त्यावर, माझा विश्वास नाही. प्रत्येक साइट जनरेटर ते आपापल्या पद्धतीने बनवतो. त्यापेक्षा त्याच फिल्टरमध्ये, शीर्षक जुळलं की हेडिंगच्या आधी लेबलच्याच नावाचा एचटीएमएल अँकर घाला. एकाच फाइलीत ‘उदाहरण’ नावाची दोन हेडिंगं असतील तर ती मूळ फाइलीतच आधी वेगळी करा. यादीत शीर्षकाची जागा रिकामी असलेली लेबलं हेडिंगवर नसून परिच्छेदावर लावलेली असतात. तीही आधीच जवळच्या हेडिंगवर सरकवा.

आणि टेबलात लेबल सापडलं नाही तर फिल्टरने एरर देऊन मरावं. ‘वॉर्निंग छापू आणि पुढे जाऊ’ हे धोरण मला मंजूर नाही. शेकडो फाइलींच्या लॉगमधल्या वॉर्निंग कुणीही वाचत नाही.

बाकीचे रोल, म्हणजे फंक्शन-क्लासची नावं, कोड म्हणूनच राहू द्या. ‘नोट’, ‘वॉर्निंग’च्या चौकटींना फिल्टरमध्येच नाव देऊन ब्लॉककोट, म्हणजे उद्धृत परिच्छेद, करा, फक्त आतला शीर्षकाचा डिव्ह (पॅनडॉकने केलेला वेगळा कप्पा) काढा, नाहीतर ‘नोट’ दोनदा छापलं जातं. टॉकट्री, म्हणजे स्फिंक्सची पानांची अनुक्रमणिका, हाताने लिहा, कारण त्यातली फाइलींची नावं एका ओळीत गोळा होऊन येतात. खान्यात परिच्छेद किंवा याद्या असलेली टेबलं पॅनडॉक एचटीएमएलमध्ये काढतो. ती कुरूप दिसतात, पण वाचता येतात. हात लावू नका.

तपासणी अशी: मूळ फाइलींमधले ‘रेफ’ ग्रेप या शोधणाऱ्या कमांडने मोजा, फिल्टरने बनवलेल्या लिंक मोजा. आकडे जुळले की मगच लिंक-चेकर चालवा.

शेवटी गिट, म्हणजे फाइलींच्या बदलांचा इतिहास ठेवणारा प्रोग्राम. आधीच्या एका कमिटमध्ये (इतिहासातल्या एका नोंदीत) फक्त फाइलींची नावं बदला आणि नवा मजकूर पुढच्या कमिटमध्ये टाका. दोन्ही एकत्र केलंत आणि मजकूर बराच बदललेला असला, तर गिटला ती नवीच फाइल वाटते आणि कुठली ओळ कुणी का लिहिली ते शोधणं अवघड होऊन बसतं. पुल रिक्वेस्ट मर्ज करताना हे दोन कमिट स्क्वॉशमध्ये एक होणार नाहीत, एवढं बघा.