चर्चमधील पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताची मैफल : कशी निवडावी, कुठे बसावे, कशी ऐकावी

मुंबईत पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत ऐकायचे म्हटले की नरिमन पॉइंटचे एनसीपीए हे कलाकेंद्र आठवते आणि ते योग्यच आहे, कारण २००६ मध्ये स्थापन झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे ते घर आहे. परंतु शहरातल्या जुन्या चर्चमध्येही, विशेषतः नोव्हेंबरपासून पुढच्या थंडीच्या महिन्यांत, गायकवृंदांच्या आणि छोट्या वाद्यसंचांच्या मैफली होत असतात. हिंदुस्थानी संगीतावर कान तयार झालेला मराठी रसिक तिकडे सहसा फिरकत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. आपण ख्रिस्ती नाही, मग आत गेलेले चालेल का, टाळी केव्हा वाजवायची, कपडे कोणते घालायचे, अशा शंकांमुळे पाऊल अडते. या शंकांचे निरसन सोपे आहे. त्याआधी जी गोष्ट खरोखर समजून घ्यायला हवी, ती म्हणजे चर्चमधल्या आवाजाचा स्वभाव.

दगडी भिंती, उंच छत आणि फरसबंद जमीन असलेल्या वास्तूत आवाज फारसा शोषला जात नाही. तो पुनःपुन्हा परतून येतो आणि गाणारा थांबल्यावरही स्वर काही क्षण वर रेंगाळत राहतो. फोर्टमधल्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये तर भिंतींवरची संगमरवरी स्मारकेही आवाज परतवण्याच्या कामी येतात. या चर्चचे बांधकाम १६७६ मध्ये सुरू झाले, दीर्घकाळ रखडले आणि अखेर १७१८ च्या नाताळात ते उपासनेसाठी खुले झाले. अशा वास्तूत संथ, दीर्घ स्वरांचे संगीत फुलते आणि जलद, गुंतागुंतीच्या संगीताचे तपशील एकमेकांत मिसळून जातात. म्हणून कार्यक्रम निवडताना कलाकाराच्या नावाइतकाच रचनांचा विचार करावा. गायकवृंद, पाइप ऑर्गन, एकल व्हायोलिन किंवा चेलो, चार तंतुवाद्यांचा संच यांना चर्च मानवते. पियानोवरचे अतिद्रुत वादन किंवा मोठा वाद्यवृंद ऐकायचा असेल, तर सभागृहच बरे.

हे एका उदाहरणाने पाहू. समजा, कार्यक्रमपत्रिकेत जर्मन संगीतकार बाखचा एकल व्हायोलिनसाठीचा पहिला सोनाटा, म्हणजे अनेक भागांची वाद्यरचना, आहे, जी मायनर, बीडब्ल्यूव्ही १००१. जी मायनर हे रचनेच्या मूळ स्वराचे आणि स्वरसप्तकाचे नाव. शेवटचा आकडा बाखच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक आहे आणि रचना नेमकी ओळखायला तोच उपयोगी पडतो. खाली आडाज्यो (संथ), फ्यूग, सिसिलियाना आणि प्रेस्तो (अतिद्रुत) अशी चार नावे दिसतील. हे रचनेचे चार भाग आहेत, चार वेगळ्या रचना नव्हेत. आडाज्योमध्ये वादक तीन-चार तारांवरचे स्वर एका गजात झपकन छेडतो. सभागृहात ते उमटून विरतात, चर्चमध्ये मात्र आधीच्या स्वरांचा निनाद पुढच्या स्वरांखाली उरतो आणि एकाच व्हायोलिनमधून अनेक आवाज येत असल्यासारखे वाटते. याउलट शेवटच्या प्रेस्तोमध्ये स्वर इतक्या भराभर येतात की मागे बसलेल्याला त्यांचा गोळा झाल्याचे जाणवते. जाणता वादक हे ओळखून लय थोडी आवरती घेतो.

बसायची जागा यावरूनच ठरवावी. एकल वाद्यासाठी पहिल्या काही बाकांत बसावे, कारण तिथे वाद्याचा थेट आवाज जास्त आणि परतलेला कमी पोहोचतो. गायकवृंदासाठी थोडे मागे, चर्चच्या मध्यावर, मधल्या वाटेच्या जवळ बसल्यास वृंदातल्या चारही आवाजांचा, म्हणजे स्त्री-पुरुषांच्या उंच आणि खालच्या पट्ट्यांचा, मेळ चांगला जमतो. खांबामागची जागा टाळावी, कारण खर्ज खांबाला वळसा घालून येतो, पण व्यंजने आणि तारस्वर अडतात. सज्जाखालच्या शेवटच्या बाकांवरही आवाज दबतो. पुष्कळ ठिकाणी आसनक्रमांक नसतात, तेव्हा अर्धा तास आधी पोहोचलेले चांगले. ऑर्गनवादक अनेकदा सज्जात, श्रोत्यांच्या पाठीमागे असतो. अशा वेळी मान वळवून बसण्यापेक्षा वेदीकडे तोंड करून निवांत ऐकावे.

टाळ्यांबद्दल आपल्याकडच्या श्रोत्याला सर्वांत जास्त अवघडल्यासारखे होते, कारण बैठकीत समेवर दाद देणे हा आपल्याकडे ऐकण्याचाच भाग आहे आणि कलाकारही तिची वाट पाहतो. इथे दाद राखून ठेवायची असते. रचनेचे जितके भाग, तितके पूर्ण होईपर्यंत टाळी वाजवू नये. वरच्या सोनाट्यात ती चौथ्या भागानंतर. भाग मोजताना चुकण्याची भीती वाटत असेल, तर वादक गज खाली घेऊन श्रोत्यांकडे वळेपर्यंत थांबावे. दोन भागांच्या मध्ये वादक तारा जुळवू लागला तर तो शेवट समजू नये. मुंबईच्या दमट हवेत वाद्यांचा सूर हलतो आणि ती पुन्हा लावावी लागतात. शेवटचा स्वर थांबल्यावरही लगेच हात उचलू नयेत, कारण वर घुमणारा निनाद रचनेचाच शेवट असतो आणि तो ऐकण्यासाठीच तर चर्चमध्ये जायचे.

संगीतकार हेंडेलचा ‘मसाया’ हा त्यातला खास प्रसंग आहे. १७४२ मध्ये डब्लिनला प्रथम सादर झालेली ही तीन भागांची दीर्घ रचना नाताळाच्या सुमारास जगभर, बहुधा निवडक स्वरूपात, गायली जाते. दुसऱ्या भागाच्या शेवटी येणाऱ्या ‘हालेलूया’ला अनेक श्रोते उभे राहतात. आपणही उभे राहावे की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. आसपासचे उठले तर उठावे. गायनाचे शब्द आधी वाचून जावेत, कारण घुमणाऱ्या वास्तूत शब्द सर्वांत आधी हरवतात. मुंबईला समूहगायनाची जुनी परंपरा आहे. व्हिक्टर परांज्योती यांनी १९५६ मध्ये उभा केलेला गायकवृंद आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

चर्च हे आधी उपासनास्थळ आहे, हे मनात असले की बाकीचे नियम सांगावे लागत नाहीत. मैफलीला कोणत्याही धर्माच्या माणसाने जावे. चपला-बूट बाहेर काढण्याची प्रथा सहसा नसते, पुरुषांनी टोपी मात्र काढावी. साडी, सलवार-कमीज, साधा सदरा-विजार असे खांदे झाकणारे कपडे पुरेत. बाकांच्या पुढे खाली जी लांब फळी असते ती गुडघे टेकून प्रार्थना करण्यासाठी असते, तिच्यावर पाय ठेवू नयेत. वेदीच्या पायऱ्या चढून छायाचित्रे काढू नयेत. जुन्या चर्चमध्ये बहुधा वातानुकूलन नसते, म्हणून सुती कपडे घालावेत. खोकल्याची गोळी हवी असेल तर ती कागदातून आधीच सोडवून ठेवावी, कारण त्या शांततेत कागदाची कुरकुर शेवटच्या बाकापर्यंत जाते.

सेंट थॉमस कॅथीड्रल हॉर्निमन सर्कलला लागूनच आहे. चर्चगेट आणि सीएसएमटी या दोन्ही स्थानकांवरून चालत जाता येते. भूमिगत मेट्रोचे हुतात्मा चौक स्थानक त्याहून जवळ पडते. रविवारचा कार्यक्रम असेल तर आधी मेगाब्लॉकचे वेळापत्रक पाहावे. कुलाब्याच्या टोकाला असलेल्या अफगाण चर्चमध्ये, म्हणजे १८५८ मध्ये अभिषेक झालेल्या सेंट जॉन चर्चमध्ये, जायचे असेल तर परतीच्या वाहनाची सोय आधीच ठरवावी.

प्रवेश विनामूल्य असेल आणि दाराशी देणगीची पेटी ठेवलेली असेल, तर तिच्यात एनसीपीएच्या तिकिटाला दिले असते तेवढे पैसे टाकावेत. छताची दुरुस्ती, ऑर्गनची देखभाल आणि पुढची मैफल यांचा खर्च पुष्कळदा अशाच पैशांतून भागवावा लागतो.