कुलसचिवांच्या नावाने येणारी खोटी ईमेल कशी थांबवली

मराठवाड्यातल्या आमच्या विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांना कुलसचिवांच्या पत्त्यावरून बनावट परिपत्रकं जात होती. पासवर्ड बदलून उपयोग नव्हता. खातं फुटलंच नव्हतं, प्रेषकाच्या रकान्यात फक्त आमचा पत्ता लिहिला जात होता.

आधी डीमार्क (आपल्या डोमेनच्या नावाने आलेली मेल तपासणीत नापास झाली तर तिचं काय करायचं, हे घेणाऱ्या सर्व्हरला सांगणारी नोंद) 'नन', म्हणजे 'काहीच अडवू नका' या धोरणावर ठेवून रिपोर्ट मागवले. खरं काम इथेच आहे. परीक्षा विभागाचा सर्व्हर, ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर, प्रवेशाचं पोर्टल, सगळे आपल्या नावाने मेल पाठवतात हे त्यातूनच कळतं. एसपीएफचे, म्हणजे आपल्या नावाने कोणते सर्व्हर मेल पाठवू शकतात त्या यादीचे, दोन रेकॉर्ड होते. दोन असले की तपासणी एररमध्ये जाते. एकच ठेवला. 'इन्क्लूड' (दुसऱ्याची यादी जोडणाऱ्या नोंदी) वाढले की १० डीएनएस लुकअपची (डोमेनच्या नोंदी शोधण्याची) मर्यादा ओलांडते, म्हणून स्थिर सर्व्हरचे आयपी थेट लिहिले.

डीकिम म्हणजे मेलवरची डिजिटल सही. ती तपासायची २०४८ बिटची की (किल्ली) डीएनएसमधल्या २५५ अक्षरांच्या एका तुकड्यात मावत नाही. अवतरणचिन्हांत दोन तुकडे करावे लागतात. मेल फॉरवर्ड झाली की एसपीएफ बहुधा फसतं, तेव्हा डीकिमच तारतं. बाहेरचा पुरवठादार एसपीएफ आणि डीकिमसाठी स्वतःचंच डोमेन वापरत असेल, तर दोन्ही पास होऊनही डीमार्क नापास, कारण ते प्रेषकाच्या रकान्यातल्या आपल्या डोमेनशी जुळत नाही! त्याला आपल्या डोमेनची सही लावायला सांगा.

रिपोर्ट स्वच्छ झाल्यावर डीमार्कचं धोरण 'क्वारंटाइन' (नापास मेल स्पॅममध्ये टाका), मग 'रिजेक्ट' (घेऊच नका). मिळत्याजुळत्या स्पेलिंगचं डोमेन घेणाऱ्याला मात्र यातलं काहीच अडवत नाही.