बॅच रिपोर्ट बघून एक्स्पायरीचा माल वेळेत कसा काढायचा

परभणीच्या मोंढ्यात आमचं कृषी सेवा केंद्र हाय. मागं एकदा रायझोबियमची, म्हणजे जिवाणू खताची, चौदा पाकिटं कपाटात मागं पडून बाद झाली आन् काँप्युटरवर नुसतं दिसायचं चाळीस पाकिटं शिल्लक, त्यातली जुनी किती नवी किती काय पत्ता नाही. तवापासून बॅचनं, म्हणजे कंपनीनं एका खेपेत बनवलेल्या मालाला दिलेल्या नंबरानं, माल ठेवायलोय.

काँप्युटरवर हिशोबाचं टॅलीप्राइम सॉफ्टवेअर असेल तर एफ11 बटण दाबून बॅच आणि एक्स्पायरी दोन्ही येस करा, मग आयटमच्या मास्टरमध्ये, म्हणजे त्याच्या नोंदीच्या पानावर, जाऊन तिथं पण येस करा. सगळ्या आयटमला नको, खुरप्याला काय एक्स्पायरी असती का. औषधं, बियाणं, जिवाणू खतं एवढंच. बियाण्याच्या टॅगवर वैधतेची तारीख असती, तीच टाकायची.

खरेदी चढवताना बॅच नंबर बिलावरून घेऊ नका, खोकं फोडून बाटलीवरचा बघा. बिलावर एक बॅच आणि खोक्यात दोन, हे आमच्याकडं झालेलं हाय.

आता रिपोर्ट. डिस्प्ले मोअर रिपोर्ट्स, इन्व्हेंटरी बुक्स, बॅच, मग आयटम निवडा. प्रत्येक बॅचची शिल्लक येती. सगळ्यात आधी मायनस आकडा हुडका. समजा इमामेक्टिन या अळीच्या औषधाच्या एका बॅचला मायनस सहा दिसलं तर पोरानं कपाटातून एका बॅचच्या पुड्या दिल्या आणि बिलात दुसरीच बॅच टाकली. गर्दीत हेच होतं, गिऱ्हाईक म्हणतंय लवकर द्या एस्टी चुकायली, पोरगं लिस्टमधली पहिली बॅच दाबून मोकळं. मायनस दुरुस्त केल्याशिवाय त्या आयटमच्या एक्स्पायरीवर भरवसा ठेवू नका, कपाटापाशी उभं राहून मोजा.

आणि तारखेला फसू नका राव. सोयाबीनचं तणनाशक इमाझेथापायर बघा, फवारणी पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांत, म्हणजे जुलै सरला की कुणी विचारत नाही. बाटलीवर एक्स्पायरी पुढच्या एप्रिलची असली तर ऑगस्टमध्ये बघताना वाटतं आठ महिने हायत, पण त्या मालाला हंगामच उरला नाही, तो तवाच बाद धरा आणि कंपनीच्या माणसाला परतीसाठी फोन लावा. एक्स्पायरी जवळ आल्यावर कोण परत घेतंय. इमामेक्टिनचं तसं नाही, ते हरभऱ्यावर घाटेअळीला पण चालतं म्हणून त्याला रब्बी उरती. मी म्हणून रिपोर्ट दोनदा काढतो, मृगाच्या आधी आणि पोळ्याच्या आसपास.

एवढं करून औषध बाद झालंच तर कीटकनाशक नियम 1971 प्रमाणं त्या मालावर विक्रीसाठी नाही असा शिक्का मारून वेगळ्या जागी पाटी लावून ठेवावं लागतं. टॅलीत पण 'बाद माल' नावाचं वेगळं गोडाऊन करून त्यात ट्रान्सफर मारा, नाहीतर तो विक्रीच्या शिल्लकीतच दिसत राहतो आणि पोरगं बिल करून मोकळं होतं.