बाय छी आणि फान जू: छिनच्या दरबारातलं वैर मुळातून कसं वाचावं

प्राचीन चीनमधल्या छिन राज्याचा सेनापती बाय छी कशामुळे मेला, याचं उत्तर बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकलेलं असतं: मुख्य प्रधान फान जू त्याच्यावर जळत होता आणि त्याने राजाचे कान भरले. मूळ मजकूर समोर ठेवला की ही ओळ अपुरी पडते. चिनी इतिहासकार सिमा छ्यानच्या 'शिजी' या इतिहासग्रंथाची 130 प्रकरणं आहेत, पण या कामाला तीन पुरतात: 73वं (बाय छी आणि छिनचाच नंतरचा सेनापती वांग ज्यान), 79वं (फान जू) आणि 5वं (छिनच्या राजांची बखर).

कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात वर्ष-महिना, दुसऱ्यात प्रत्यक्ष हुकूम आणि तो देणारा, तिसऱ्यात कुणाच्या तोंडी घातलेलं कारण. दुसरा आणि तिसरा रकाना एकमेकांत मिसळू देऊ नका. बहुतेक घोळ तिथेच होतो.

आधी नावं जुळवून घ्या. 'वू-आनचा सामंत' म्हणजे बाय छी, 'यिंगचा सामंत' म्हणजे फान जू. एकच माणूस दोन नावांनी येतो आणि नवखा वाचक दोन माणसं धरून बसतो.

मग महिने. इथे छिनचं वर्ष दहाव्या महिन्यापासून मोजलेलं दिसतं. राजा झाओश्यांगच्या 47व्या वर्षी (इ.स.पू. 260) नवव्या महिन्यात छांगफिंगच्या लढाईत छिनच्या शत्रूराज्याचं, झाओचं, सैन्य 46 दिवसांच्या उपासमारीनंतर शरण आलं. पुढची नोंद 48व्या वर्षाच्या दहाव्या महिन्याची आहे. मध्ये वर्ष गेलं असं वाटतं, पण उलटला आहे एकच महिना. बाय छी लगेच झाओची राजधानी हानतान घ्यायला का टपला होता, ते यावरून कळतं.

आता मुख्य जागा. हान आणि झाओ या राज्यांनी सु ताई या दूताला भेटी देऊन फान जूकडे धाडलं. त्याचं म्हणणं असं, की झाओ बुडालं तर बाय छी तुमच्या वर जाऊन बसेल. हे तिसऱ्या रकान्यात लिहा. बंद दाराआडचं बोलणं आहे, ते शब्दशः कुणी टिपून ठेवलं असेल असं धरू नका. फान जूने राजाला सांगितलेलं कारण वेगळं होतं: सैन्य दमलंय, मिळतो तो मुलूख घेऊन तह करावा. पहिल्या महिन्यात फौजा परत फिरल्या.

त्याच वर्षी नवव्या महिन्यात राजाने पुन्हा हानतानवर फौज पाठवली, तेव्हा बाय छी आजारी होता. बरा झाल्यावर राजाने त्याला जायला सांगितलं, तर त्याने नकार दिला: छांगफिंगला आपलेही निम्म्याहून जास्त लोक मेले, देश रिकामा आहे, इतर राज्यांची कुमक येईल. फान जूचं दमलेल्या सैन्याचं कारण आणि हे कारण शेजारी ठेवा. दोघांचं म्हणणं जवळजवळ एकच आहे! म्हणजे फान जूच्या मनात मत्सर असला, तरी त्याचा सल्ला त्यामुळे खोटा ठरत नाही. हा मुद्दा हातचा जाऊ देऊ नका.

शेवटाकडे तारखा अडखळतात. 5व्या प्रकरणात 50व्या वर्षाच्या दहाव्या महिन्यात बाय छीला साधा शिपाई करून यिनमीला हद्दपार केल्याची नोंद आहे. 73वं म्हणतं, आजारपणामुळे तो तीन महिने निघालाच नाही, मग राजाने स्वतःला संपवण्यासाठी तलवार पाठवली. आणि मृत्यूचा महिना देतं अकरावा. दहाव्यापासून अकराव्यापर्यंत तीन महिने बसत नाहीत. 5व्या प्रकरणात मृत्यू बाराव्या महिन्याच्या नोंदीनंतर येतो. जबरदस्तीने मेळ घालू नका, दोन्ही नोंदी लिहून शेजारी प्रश्नचिन्ह काढा.

79व्यात हे सगळं एका वाक्यात संपतं: दोघांत बिनसलं, फान जूने सांगून त्याला मारवलं. एवढंच वाचणाऱ्याला राजा दिसतच नाही. तुमचा दुसरा रकाना मात्र बघा: हानतानवर चढाईचा, सेनापती बदलण्याचा, हद्दपारीचा, तलवारीचा, प्रत्येक हुकूम राजाचा आहे.

कागद बाजूला ठेवण्याआधी 73व्या प्रकरणाचा उत्तरार्ध वाचाच. तिथे राजा नंतरचा आहे, पण सेनापतीला भीती तीच. छू राज्यावर निघालेल्या वांग ज्यानच्या हाती 6,00,000 सैन्य आहे, आणि तो वाटेतून पाच वेळा निरोप पाठवून राजाकडे चांगल्या जमिनी मागतो. हे अती होतंय असं कुणी म्हणताच तो कारण सांगतो: राजा संशयी आहे, सगळी फौज माझ्या हाती आहे, मुलाबाळांसाठी जमीन मागितली नाही, तर तो माझ्यावरच संशय घेईल.