ट्रान्झॅक्ट लाइनवर जाताना: रेंजफाइंडरचा सेल आणि बाकीची तयारी

रेंजफाइंडरचा जादा सेल घ्या. रेंजफाइंडर म्हणजे प्राण्यापर्यंतचं अंतर किरणाने मोजणारं यंत्र; व्याघ्रगणनेत रानातल्या ठरलेल्या सरळ रेषेवर, म्हणजे ट्रान्झॅक्ट लाइनवर, चालताना ते लागतं. सुरुवात इथूनच करतोय, कारण मागच्या खेपेला बूट, टोपी, सुका खाऊ सगळं घेतलं होतं, सेल नव्हता, आणि दोन सकाळची अंतरं अंदाजपंचे लिहावी लागली.

आधी यंत्राचं झाकण उघडून कोणता सेल लागतो ते बघा. बऱ्याच यंत्रांना सीआर-२ लागतो, ३ व्होल्टचा, बुटका आणि नळीसारखा. काहींना ९ व्होल्टचा चौकोनी. दुकानात नुसतं ‘सीआर-टू’ म्हटलं तर हातात सीआर-२०३२ पडू शकतो. तो गाडीच्या रिमोटमधला चपटा बटणसेल, कामाचा नाही. सीआर-१२३ जाड असतो, आत बसत नाही. जुना सेल सोबत न्या आणि शेजारी धरून घ्या. मेळघाटात जाणार असाल तर अमरावतीतच कॅमेऱ्याच्या दुकानात विचारा. परतवाडा मागे पडून घाट लागला की सेमाडोहच्या किराणा दुकानावर भिस्त ठेवू नका.

एवढा आग्रह का? देशभरातली व्याघ्रगणना २००६पासून दर चार वर्षांनी होते. तिच्यात वाघाच्या भक्ष्याची, म्हणजे सांबर, चितळ, गवा, भेकर, रानडुक्कर यांची घनता काढायला २ किलोमीटरच्या सरळ लाइनवर तीन सकाळी चालतात. प्राणी दिसला की संख्येबरोबर तीन आकडे लिहायचे: लाइनची दिशा, प्राण्याची दिशा, प्राण्यापर्यंतचं अंतर. दोन दिशांतला फरक म्हणजे कोन. अंतराला त्या कोनाच्या साइनने गुणलं की प्राणी लाइनपासून किती आडवा होता ते कळतं. ४० मीटरवर, ३० अंशांत सांबर दिसलं तर ते लाइनपासून २० मीटर. सगळं गणित या २०वर उभं आहे. अंदाजाने लिहिणारा ३० लिहितो, ५० लिहितो, १०० लिहितो. ३७ कुणी लिहीत नाही. नोंदी गोल आकड्यांवर साचतात, आणि लांब जाताना प्राणी दिसण्याचं प्रमाण कसं घटतं तो आलेखच बिघडतो. एका प्रजातीच्या ६० ते ८० नोंदी असाव्यात असा संकेत आहे. मेळघाटच्या चढउतारांवर एवढी भेकरं दिसायला किती पायपीट लागते! त्यातली एकही सेलपायी वाया घालवू नका.

यंत्र घरीच तपासा. टेपने ३० मीटर मोजा, भिंतीवर नेम धरा, आकडा जुळतो का बघा. रानात मधल्या गवताच्या पात्यावर किरण आपटून ७ मीटर येतं आणि घाईत तेच लिहिलं जातं. म्हणून प्राण्याच्या अंगावर नेम बसत नसेल तर त्याच्या लगतच्या झाडाचं खोड धरा, तीनदा मोजा. प्राणी पळाला तरी अंतर पहिल्यांदा दिसला त्या जागेचंच. कळप असेल तर कळपाच्या मध्यापर्यंत. लाइनवर समोर उभा असलेला प्राणी सुटता कामा नये. दोन्ही बाजूंना बघण्याच्या नादात नेमका तोच सुटतो.

होकायंत्र धरताना वनमजुराच्या हातातला कोयता आणि स्वतःचा मोबाइल लांब ठेवा, सुई लोखंडाकडे ओढली जाते. लाइनची दिशा निघतानाच कागदावर लिहून ठेवा.

कपडे मातकट, सळसळ न करणारे. घोट्यापर्यंतचे बूट. अत्तर नको. पाणी दोन लिटर. सकाळी थंडी असते, पण दहा वाजता स्वेटर काढून ठेवायला जागा लागते, पिशवी त्या हिशोबाने घ्या. गवतात गोचीड असतात, पायमोजे पँटवरून ओढा. गणनेच्या नोंदी भरायचं एम-स्ट्राइप्स अ‍ॅप नेटवर्क असेपर्यंतच मोबाइलवर घालून चालवून बघा, सोबत पॉवर बँक. वनरक्षक पुढे, तुम्ही मागे. अस्वल दिसलं तर तो थांबेल तिथे थांबा, फोटोसाठी एक पाऊलही पुढे नको.

आणि सेल. एक यंत्रात, एक शर्टाच्या खिशात. कॅम्पवरच्या पिशवीत ठेवलेला सेल लाइनवर नसल्यासारखाच. पहिले तीन दिवस मांसभक्षींच्या खुणा शोधण्यात जातात, तेव्हा रेंजफाइंडर लागत नाही, आणि म्हणूनच सेल संपल्याचं चौथ्या-पाचव्या दिवशी ऐन लाइनवर कळतं. आदल्या रात्री यंत्र चालू करून बघा. रोज.

खुणांच्या दिवसांत बीटमध्ये, म्हणजे वनरक्षकाच्या ठरलेल्या हद्दीत, किमान ५ किलोमीटर चालणं: विष्ठा, ठसे, झाडावरचे ओरखडे. ठशाशेजारी मोजपट्टी ठेवूनच फोटो. तरसाची विष्ठा वाळून पांढरी पडते. शंका असेल तर शंका लिहा, वाघ लिहू नका.

लाइन चालून झाल्यावर तिच्यावरच दर ४०० मीटरला १५ मीटर त्रिज्येत झाडं-झुडपं, आणि २ बाय २० मीटरच्या पट्ट्यात लेंड्या. उन्हात कंटाळा येतो, तरी मोजा.

शेवटच्या दिवशी नोंदींचे फॉर्म, डेटा, सह्या. यंत्र परत करताना सेल काढा, आत राहिला तर गळू शकतो. उरलेला सेल पुढच्या तुकडीच्या हातात द्या.