ग्रामसभेला जाण्याआधी पंचायतीचा हिशेब मोबाईलवर कसा काढायचा

खटाव तालुक्यातल्या एका गावात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. ग्रामसभा जवळ आली की लोक पंचायतीच्या खर्चाचे कागद काढून मागतात, आणि त्यात बायका जास्त असतात, याचा मला फार आनंद आहे. गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सरपंचांवरून रोज वाद होतात, पण त्यांची नोंद कुठल्याच दप्तरात होत नाही. इंटरनेटनं गावच्या राजकारणात खरा फरक पाडला तो हिशेब सगळ्यांपुढे उघडा करून. तो बघायचा कसा आणि सभेत मांडायचा कसा, ते सांगते.

'ई-ग्रामस्वराज' हे केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाचं संकेतस्थळ २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झालं. हिशेब पाहायला लॉगिन, पासवर्ड काही लागत नाही. अ‍ॅपही आहे, पण मोबाईलच्या ब्राउझरमध्ये 'डेस्कटॉप साइट' करून उघडलं तर तक्ते नीट दिसतात. आर्थिक वर्ष, राज्य, जिल्हा, तालुका आणि शेवटी ग्रामपंचायत निवडायची. नावं इंग्रजीत असतात, त्यामुळे खुर्द की बुद्रुक हे नीट बघा.

तिथं दोन गोष्टी शोधा: वर्षाचा मंजूर आराखडा आणि खर्चाची व्हाउचरं. दोन्हींची प्रिंट काढून शेजारी-शेजारी ठेवा. आराखड्यातल्या कोणत्या कामावर पैसे पडले आणि कोणतं काम नुसतंच कागदावर राहिलं, ते तिथंच कळतं. हे पैसे ग्रामसेवक (आता हुद्दा 'ग्रामपंचायत अधिकारी') आणि सरपंच या दोघांच्या डिजिटल सहीनं सुटतात. म्हणून प्रश्नही दोघांना विचारायचा, एकट्या सरपंचांना धारेवर धरण्यात अर्थ नाही.

पंधराव्या वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून पंचायतीला आलेला निधी बघताना बंधित (ठरलेल्या कामालाच) आणि अबंधित (मोकळा) हा फरक माहीत हवा. २०२१-२२ पासूनच्या पाच वर्षांसाठी ६० टक्के बंधित ठरला: निम्मा पिण्याच्या पाण्याला, निम्मा स्वच्छतेला. उरलेला ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरायचा, पगार आणि कार्यालयीन खर्च सोडून. उन्हाळ्यात डोक्यावर हंडा घेऊन फिरणाऱ्या बाईनं पाण्याच्या कामांची बेरीज आधी करावी, असं मला मनापासून वाटतं.

आकडा मोठा दिसला म्हणून लगेच आरोप करू नका. आधी कामाच्या जागी जाऊन या. आमच्या आळीतल्या पेव्हिंग ब्लॉकच्या रस्त्याबद्दल बरीच कुजबुज होती. व्हाउचरवर रक्कम होती, लांबी नव्हती. तेव्हा शेजारच्या काकूंनी गवंड्याकडून लांब टेप आणली, एक टोक देवळाच्या पायरीशी मला धरायला लावलं, आणि मोजलेले मीटर प्रिंटच्या पाठीवर लिहिले. सभेत त्या उठून ग्रामसेवकांना एवढंच म्हणाल्या, "भाऊसाहेब, एमबीत या रस्त्याची लांबी किती आहे?" एमबी म्हणजे मोजमाप पुस्तिका, अभियंता काम मोजून तिच्यात नोंद करतो. ती तालुक्याला आहे असं उत्तर आलं. काकू खाली बसल्या नाहीत. "मग माझा प्रश्न प्रोसिडिंगला घ्या," म्हणाल्या, आणि सभेच्या इतिवृत्तात तो लिहून होईपर्यंत उभ्या राहिल्या. पुढच्या सभेत पुस्तिका टेबलावर आली. माप जुळलं. रस्ता पुरा होता, आणि कुजबुज तिथंच थांबली. खरं काम करणाऱ्यालाही या उघड्या हिशेबाचा आधार मिळतो, हे मी त्या दिवशी पाहिलं.

व्हाउचरवर कुणा मजुराचं किंवा दुकानदाराचं नाव असेल, तर त्याचा फोटो ग्रुपवर फिरवू नका. त्या माणसाची बाजू तुम्ही ऐकलेली नसते.

वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला जो आकडा कमी असेल तो. कोरमअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा कोरमची अट नसते, म्हणून तिला तर आवर्जून जा. ठराव तिथं थोड्या माणसांत होऊन जातात. बायकांनी आधीच्या महिला सभेत प्रश्न मांडून ठेवावा, म्हणजे मोठ्या सभेत एकटीला बोलायची वेळ येत नाही.

सभेत कागद मिळालाच नाही तर माहितीचा अधिकार आहे. जोडपत्र 'अ' हा अर्जाचा नमुना भरा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला फी नाही, दाखल्याची प्रत जोडायची. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून 'सगळ्या कामांची माहिती द्या' असं मोघम लिहू नका. कामाचं नाव, वर्ष, व्हाउचरची तारीख लिहून अंदाजपत्रक आणि एमबीची प्रत मागा. झेरॉक्सचे पानाला २ रुपये पडतात. अर्ज दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. उत्तराची ३० दिवसांची मुदत अर्ज मिळाल्याच्या तारखेपासून धरतात.